व्याह्याचा घास

सुपारी हॉटेलात फोडू, आणि तेही चायनीज हॉटेलात, असं मुलाच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझा मामा "उत्तम, उत्तम" म्हणाला, फोन ठेवला आणि दादांकडे बघून म्हणाला, "म्हंजी गाडीवर?"

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना आणि मामाला चायनीज एकाच जातीचं ठाऊक होतं. पाथर्डीच्या स्टँडबाहेर हिरव्या कापडाच्या आडोशाला मोठ्या जाळावर कढई आपटत लालभडक कोबी परततात, ते. तिथं सोयऱ्यांना बसवून लग्न ठरवायचं म्हणजे गावभर हसू. मी दोघांना समजावलं की हे तसलं नाही. नगरला सावेडीत नवीन निघालंय, काचेचं, एसीचं, वर जायला चकचकीत जिना आहे. नागापूरच्या एमआयडीसीत मी एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते आणि माझी रिक्षा रोज त्या हॉटेलाखालून जायची. वरच्या खिडक्यांत लाल कंदील टांगलेले दिसायचे. आत जायची वेळ कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. जिथं जेवायच्या आधी कसं जेवायचं ते शिकावं लागतं, तिथं जायला मी कधी राजी नसते.

मी मूळचीच भित्री. पण भित्री माणसं गरीब गाईसारखी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला पाहिलेलं नाही. मला भीती वाटली की मी चिडते. त्या आठवड्यात मी मामावर चिडले, दादांच्या धोतरावर चिडले, पायजमा घाला म्हणून हट्ट धरला, आणि त्यांनी निमूटपणे पायजमा घातला तेव्हा का घातला म्हणून पुन्हा चिडले. दादा हसायचे नुसते. म्हणायचे, लग्न ठरलेल्या पोरीच्या अंगात देवी येते.

ठरलेलं मात्र काही नव्हतं, आणि तीच तर खरी भीती होती. मी शाळेत असताना आई गेली. दादांनी दुसरं लग्न केलं नाही; भाकरी थापायला शिकले, माझ्या वेण्या घालायला शिकले, एक वेणी कायम जाड आणि एक बारीक. मला नोकरी लागली तसं त्यांनी स्थळं बघायला घेतली. स्थळं यायची, पोहे खायची, आणि चार दिवसांनी कुणाकरवी तरी निरोप यायचा. कुठं पत्रिका आडवी, कुठं माझा रंग, कुठं माझी जीभ. पण एका घरून आलेला निरोप दादांच्या मनात रुतून बसला. मुलगी चांगली आहे, पण आई नाही. उद्या पहिलं बाळंतपण कोण करणार? तो निरोप ऐकून दादा दोन दिवस शेतातून घरी जेवायलाच आले नाहीत. "मी करीन की," असं ते एकदा आपल्याशीच म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून लाजले.

म्हणून हे स्थळ त्यांना जपायचं होतं. मुलगा एमआयडीसीतच एका कंपनीत होता, माझ्याशी दोनदा भेटून बोलला होता, आणि मला तो आवडला होता. त्याचे वडील लष्कराच्या डेपोतली नोकरी करून निवृत्त झालेले. मोठ्या आवाजाचे, मोकळे, खाण्याचे शौकीन. आई मितभाषी. मला आई नाही या गोष्टीचा त्यांच्याकडून कुणी उच्चारही केला नव्हता. रविवारी दुपारी एकत्र जेवायचं, जेवणं झाली की तिथंच चार माणसांसमोर सुपारी फोडायची. आमच्याकडे सुपारी फुटली की शब्द पक्का, मग कुणालाही मागं फिरता येत नाही. फुटेपर्यंत मात्र काहीही होऊ शकतं. माणसं नखाएवढ्या गोष्टीवरून उठून जातात.

उठून जाणं ही आमच्या भागात साधी बाब नाही. सोयऱ्यांच्या पंगतीत बसलेला माणूस जेवण अर्धं टाकून उठला, की पुढं बोलायला काही उरत नाही. तो का उठला हे कुणी विचारत नाही. उठला, एवढंच धरतात. माझ्या आत्याची सोयरीक अशीच मोडली होती. सगळं ठरलेलं, मांडव घालायचा बाकी, आणि आमच्याकडचा एक चुलता रस्सा आपल्याला शेवटी वाढला म्हणून ताटावरून उठला. पुढं आत्याला बिजवराला द्यावं लागलं. दादा तेव्हा लहान होते, त्या पंगतीत पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होते. रविवारी एसटीत बसल्यावर त्यांनी मामाला आणि मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. ताटात काय बी येऊ द्या, कडू येऊ द्या, कच्चं येऊ द्या, पाव्हनं हात धुवूस्तवर कुनी उठायचं न्हाई.

मामा म्हणाला, उठतोय कशाला, एसी हाय तिथं.

वर गेल्यावर आधी डोळ्यांना काही दिसेना. बाहेर कडक दुपार आणि आत संध्याकाळ. खिडक्यांना जाड पडदे, आणि प्रत्येक टेबलावर वरून एक मोठा लाल कंदील सोडलेला. त्या उजेडात टेबल लाल, पाणी लाल, माणसं लाल. भिंतीवर सोनेरी अजगरासारखं काहीतरी होतं. मामानं त्याला सवयीनं हात जोडले. मुलाकडची मंडळी आधीच येऊन बसली होती. उठून नमस्कार-चमत्कार झाले, दादांना मुलाच्या वडिलांनी आपल्या शेजारी बसवलं, दुसऱ्या बाजूला मी. समोर मुलगा, त्याची आई आणि मामा.

टेबल गोल होतं, आणि त्याच्यावर आणखी एक काचेचं गोल ताट, फिरणारं. पदार्थ त्याच्यावर ठेवायचे आणि फिरवून ज्यानं त्यानं आपल्या पुढं आणायचे. दादांना हे पटेना. पंगतीत वाढपी आपल्याकडं येतो, आपण गप्प बसायचं असतं. इथं बोलता बोलता समोरची भाजी निघून चालली की ते अदबीनं हात मागं घ्यायचे, जणू तिला दुसरीकडं काम आहे. मुलाचे वडील मोठ्यांदा हसले, पण ते हसणं चांगलं होतं, आणि मी जरा सैल झाले. सूप झालं. नूडल्स आल्या. दादांनी काट्यानं दोनदा खाऊन बघितलं, मग सरळ हातानं जेवायला लागले, आणि ते बघून मुलाच्या वडिलांनीही आपला काटा बाजूला ठेवला. मला त्या माणसाबद्दल तिथल्या तिथं माया वाटली.

मामाचा खंडोबाचा रविवार, त्यामुळे तो भाज्यांवरच होता. आम्ही बाकीचे सगळं खाणारे. कोंबडी झाली. मग एक मोठी ताटली आली, त्यात बोटाएवढे, आकड्यासारखे वळलेले तुकडे, वरून लसूण आणि कांद्याची पात. मुलाचे वडील सरसावून बसले. म्हणाले, हे खास पाहुण्यांसाठी सांगितलंय, प्रॉन्स, इथं याच्यासाठी लांबून लोक येतात. दादांनी विचारलं हे काय असतं. कोळंबी, समुद्रातली, मुलानं सांगितलं. दादांनी मान डोलावली. समुद्रातला मासा, एवढं त्यांना पुरलं. धरणातला मासा ते खात, मग समुद्रातला का नाही.

आमच्या घरात एक गोष्ट चालत नव्हती, ती म्हणजे सुकट. बाजारात ढिगानं मिळणारी, वाळवलेली, भुशासारखी बारीक सुकट आजीनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. देवाला चालत नाही, असं ती सांगायची, आणि आजी गेल्यावरही आम्ही ते पाळलं. कुणी कारण विचारलं नाही. देवाला कोण विचारणार. पण बाजारातला तो बारीक वाळका चुरा आणि समोरच्या ताटलीतले हे रसरशीत, गुबगुबीत तुकडे ही एकाच जातीची गोष्ट आहे, हे आम्हाला कुणाला माहीत असणार? समुद्र आमच्यापासून लांब. सुकट जिवंतपणी कशी दिसते, हा विचारही आमच्या गावात कुणी केला नसेल. दादांना ठाऊक असतं तर देवाच्या भीतीनं तरी त्यांनी बोट लावलं नसतं.

मुलाच्या वडिलांनी एक मोठा तुकडा उचलला आणि स्वतःच्या हातानं दादांच्या तोंडापाशी नेला.

"घ्या पाहुणे. व्याह्याचा घास आहे, नाही म्हणायचं नाही."

अजून सुपारी फुटली नव्हती आणि त्यांनी व्याही म्हटलं. दादांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं आणि घास घेतला. मग रीतीप्रमाणे त्यांनीही एक तुकडा मुलाच्या वडिलांना भरवला. मग पुन्हा त्यांनी दादांना. मामानं मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोत सगळे लाल दिसतात, आणि सगळे हसताहेत.

पुढचं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. गप्पा लग्नाच्या जागेवर आल्या होत्या, मंगल कार्यालय नगरचं की पाथर्डीचं. दादा मध्येच तळहात मांडीवर घासायला लागले. मला वाटलं, हाताला तेल लागलंय. मग त्यांनी मानेमागं खाजवलं. मग शर्टाचं वरचं बटण काढलं. दादा लोकांत वरचं बटण कधी काढत नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण त्या कंदिलाखाली काय दिसणार? ते लाल होते, आणि त्यांच्या शेजारचे मुलाचे वडीलही तेवढेच लाल. मी हळूच विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, "काय न्हाई. जेव तू."

आवाज त्यांचा नव्हता. घोंगडीतून बोलावं तसा जाड, दबलेला.

मी स्वतःला समजावलं की तिखट लागलं असेल. मग आठवलं की हा माणूस ठेचा भाकरीशी नाही, भाकरी ठेच्याशी खातो. मामानं समोरून बघितलं आणि तोही तिखटच समजला. वेटरला साखर मागितली, आणि दादांची थट्टा केली की शेतात मिरच्या कराकरा खाणारा गडी हॉटेलात हरला. सगळे हसले. दादाही हसले, म्हणजे हसायला गेले, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा वरचा ओठ एका बाजूनं सुजून पुढं आलाय. गांधीलमाशी चावल्यावर येतो तसा. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती.

भीती मला नवीन नाही, पण आतापर्यंतची भीती म्हणजे काय होईल, कोण काय म्हणेल, याची असायची. ही निराळी होती. हिच्यात कोण काय म्हणेल हे नव्हतंच. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारातून मला आत जाऊ दिलं नव्हतं. आता मी शेजारीच बसले होते, खांद्याला खांदा लावून, आणि दादा श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजलेली मला ऐकू येत होती. टेबलावर हसणाऱ्या माणसांना ती ऐकू येत नव्हती.

मी उठायला गेले. दादांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं.

त्यांची पकड मला अजून आठवते. शेतात काम करणाऱ्या माणसाची पकड, आणि वर त्या हाताची सूज. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मुलाच्या वडिलांकडे, जणू कार्यालयाच्या गप्पा ऐकताहेत, मान डोलावताहेत, आणि टेबलाखाली मला खाली ओढताहेत. बस. मी कुजबुजले, दादा, दवाखान्यात जाऊ. त्यांनी कुणाला दिसणार नाही अशी मान हलवली, नाही. मी पुन्हा जोर केला. त्यांनी आणखी घट्ट धरलं. मला एकदम कळलं की हे तिखट नाही हे त्यांनाही कळलंय, आणि तरी ते बसलेत. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या दुपारी ती यमाची बहीण होती, आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली होती.

समोर मुलाची आई आइस्क्रीम सांगावं का म्हणून विचारत होती. दादांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसती घरघर आली.

मी चिडले. मघाशी म्हटलं ना, मला भीती वाटली की मी चिडते. पण त्या वेळी चिडले तशी जन्मात चिडले नसेन. दुसऱ्या हातानं मी दादांची बोटं एकेक करून सोडवली आणि उभी राहिले. खुर्ची मागं पडली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली.

"आम्ही उठतोय," मी म्हणाले. "दादांना श्वास येत नाही."

पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं त्यावर उठलेल्या गलक्यात कुणी ऐकलं आणि कुणी नाही. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. अहो, काय चुकलं आमचं, ते म्हणाले, आणि मामा उष्ट्या हातानंच मला खाली बसवायला पुढं आला. खाली बस, येडी का काय तू, असं तो दातांत म्हणत होता. त्यालाही आत्याचीच सोयरीक दिसत असणार. आणि दादा? दादा अजून खुर्चीतच. डाव्या हातानं टेबलाची कड धरून, उजव्या हातानं ताटलीतल्या नूडल्स गोळा करत होते. जेवतोय हे दाखवत होते. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता.

मी त्यांची ताटली ओढून घेतली. मोबाईलची बॅटरी लावली आणि उजेड त्यांच्या तोंडावर धरला.

पांढऱ्या उजेडात जे दिसलं ते बघून मामा "आई गं" म्हणून मागं सरकला. मानेवर, गालांवर, कानामागं तळहाताएवढ्या गांधी उठल्या होत्या. ओठ ओळखू येत नव्हते. मुलाची आई, जी तोवर जेमतेम चार वाक्यं बोलली असेल, ती टेबलाला वळसा घालून आली, तिनं दादांच्या काखेत हात घातला आणि मुलाला म्हणाली, "गाडी काढ. पळ."

जिना उतरताना दादांचे पाय लटपटत होते. एका बाजूनं मी, एका बाजूनं ती, मागं मामा आणि मुलाचे वडील. खाली उन्हात आलो तसे ते आणखी भेसूर दिसायला लागले. गाडीत मागं मी आणि मुलाची आई, मध्ये दादा. पुढं बाप-लेक. मामाला जागा नव्हती. तो रिक्षासाठी रस्त्यावर धावत होता ते काचेतून दिसलं.

त्या रस्त्यानं मी रोज जात होते. त्या दिवशी तो संपत नव्हता. रविवार, त्यात कुठल्या तरी दुकानाचं उद्घाटन, अर्ध्या रस्त्यात मांडव आणि खुर्च्या. मुलगा हॉर्नवरून हात काढत नव्हता. दादांच्या छातीतली शिट्टी आता मोठी झाली होती, आणि मला तिचा आधार वाटायला लागला होता, कारण मध्येच ती थांबायची. थांबली की मी त्यांना हलवायची. पुन्हा सुरू झाली की मला श्वास यायचा. देवाचं नाव आठवेना. मी नुसतं दादा, दादा म्हणत होते, आणि मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, ना नवरा हवा होता ना लग्न. मला फक्त पाथर्डीच्या घरी, चुलीपुढं, एक वेणी जाड नि एक बारीक घेऊन बसायचं होतं.

दादांनी हात वर केले. मला वाटलं, काही मागताहेत. त्यांनी ते सुजलेले हात जोडले आणि मुलाच्या आईकडे वळले. बोलता येत नव्हतं. नुसते हात जोडून तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिले. पंगतीतून उठलो, माफ करा, असं म्हणत होते ते. आमच्याकडच्या कुणालाही ते समजलं असतं. तिलाही समजलं.

"हात खाली घ्या आधी," ती म्हणाली, आणि तिनंच ते खाली घेतले आणि दवाखाना येईपर्यंत आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले. पुढच्या सीटवर मुलाचे वडील स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्याच हातानं त्यांनी घास भरवला होता.

दवाखान्यात दारातूनच स्ट्रेचर आलं. मांडीत इंजेक्शन, नाकातोंडावर मास्क, हाताला सलाईन. मला बाहेर काढायला लागले तेव्हा मी नाही म्हणाले. पुन्हा दाराबाहेर उभं राहायची माझी ताकद नव्हती. नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला चिकटून उभं राहू दिलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी काय खाल्लं ते विचारलं, मी सांगितलं. पूर्वी कधी कोळंबी, जवळा, सुकट खाल्ल्यावर असं झालं होतं का? मी म्हणाले, सुकट आमच्या घराला चालत नाही. चालत नाही म्हणजे? देवाला. त्या म्हणाल्या, देवाला चालते की नाही माहीत नाही, यांना चालत नाही. कोळंबी म्हणजे मोठी सुकटच. यापुढं थेंबभर रस्साही द्यायचा नाही.

हळूहळू शिट्टी बारीक झाली. मी भिंतीला टेकूनच तिच्याकडे कान लावून होते. बारीक झाली, मग मध्येमध्ये, मग नुसता श्वास. ओठ उतरायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळलाय, पण आजची रात्र इथंच ठेवू. आणखी उशीर झाला असता तर बोलायला नको. हे असं डॉक्टर का बोलतात? आपण घरी जाऊन ते वाक्य किती दिवस चघळत बसतो त्यांना काय माहीत.

मी बाहेर आले तर मामा रिक्षानं पोहोचला होता आणि मुलाच्या आईपुढं उभा राहून काहीतरी सारवासारव करत होता, पोरगी जरा तापट आहे, पण मनानं... तिनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. बाप वाचवायला जी उठते तिच्याबद्दल आणखी काय विचारायचं, म्हणाली. पाहुणे बरे होऊन घरी आले की सुपारी आमच्या देवापुढं फोडू, आणि जेवायला पिठलं-भाकरी करू. मुलाचे वडील बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या पायांना हात लावला, का ते मलाही नीट सांगता येणार नाही, आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. पुढं ते माझे सासरे झाले, पण व्याह्याच्या असो की नातवाच्या, कुणाच्याच तोंडात त्यांनी पुन्हा घास घातलेला मी पाहिला नाही.

संध्याकाळी मास्क काढला. मी एकटीच आत गेले. दादांचा चेहरा बराचसा दादांचा झाला होता. मला बघितल्याबरोबर त्यांनी पहिलं हेच विचारलं की पाव्हनं काय म्हनले. मी सगळं सांगितलं, सुपारीचं, पिठल्याचं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि खूप वेळानं हुश्श केलं.

मग मला राहवेना.

"दादा, श्वास कोंडतोय हे कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत हुतं की."

"मग उठला का नाहीत? मला का धरून ठेवलंत?"

माझी चूक काढायची नव्हती त्यांना, आणि स्वतःची त्यांना दिसत नव्हती. "म्हनलं, जेवनं उरकूस्तवर काढावं कसं तरी," ते म्हणाले. "सुपारी फुटली की मंग उठायचंच हुतं."

"आणि त्याच्या आत काही झालं असतं म्हणजे?"

"फुटूस्तवर टिकलोच असतो गं मी," ते म्हणाले. "मागून काय बी झालं असतं, तरी तुझं तर ठरून गेलं असतं."

मला धीर यावा म्हणून सांगत होते ते. अगदी मायेनं, माझ्या हातावर हात थोपटत. एवढं बोलून त्यांनी कूस बदलली आणि त्यांना झोप लागली. मला मात्र आता झोप येणार नव्हती. मी स्टूल ओढून कॉटला लागून बसले आणि त्यांची छाती वर-खाली होतेय ना, ते बघत राहिले.